बिनतारी पेटीपर्यंत सुमीला घेऊन

सकाळीच निघाले. दीड वर्षाची सुमी खांद्यावर. कालपासनं जुलाब, टँकरचं पाणी बाधलं, आन् आता ती रडायचीबी बंद झाली. मालक लांब दुष्काळी कामावर खडी फोडत हुते. यष्टी दुपारशिवाय न्हाय. दोन कोसावर साखर कारखान्याचं गट-ऑफिस, तिथं वायरलेस (बिनतारी बोलायची पेटी). तिथनं बोललं की कारखान्याची जीप येती, एवढंच ऐकून हुते.

वाटंत ओढा कोरडा, दोन्ही अंगाला ऊस वाळून कडब्यावानी. एका म्हातारीनं मीठ-साखरंचं पाणी दिलं. "थांबू नगंस, बाई," म्हणाली. सुमीनं दोन घोट घेतलं आन् वकलं.

ऑफिसात पेटी चालवणारे माणिकभाऊ बसलेले.

"भाऊ, जीप बोलवा, लेकरू जातंय!"

त्यांनी पेटीत हाका मारल्या. नुसती खरखर. "मधी डोंगर हाय, ताई. आपला आवाज थेट कारखान्याला जात न्हाय. वरच्या गावचा सेट, म्हंजी तिथली पेटी, आपलं ऐकून पुढं सांगतो. त्याची बॅटरी उतरलीय."

"दुसरं कुणी न्हाय व्हय?"

त्यांनी दाराकडं बघितलं. "खालच्या गावचा सेट हाय. पण ते दुसऱ्या पॅनेलचं. कारखान्याची निवडणूक झाल्यापासनं आमी त्यांच्याशी बोलत न्हाय. साहेबांनी तंबी दिलीय."

"त्यांना ऐकू तर येतंय का?"

"येतंय की. आमचं समदं ऐकत बसत्यात."

म्या त्यांच्या हातातला माईक हिसकला, बटन दाबलं आन् वरडत सुटले, "खालच्या गावचं भाऊ, माझी पोरगी मरतीय, जीप पाठवा, ऐकताय का, काय तरी बोला की!" कुणी बोलंना. परत वरडले. परत काय न्हाय.

माणिकभाऊंनी माझा अंगठा जोर लावून उचलला. "बटन सोडा, बाई! दाबून धरल्यावर त्याचं कसं ऐकू येईल?"

पेटीतनं आवाज आला, "...कवाचा सांगतोय! कारखान्याला कळवलंय. जीप निघाली. सडकंवर थांबा."

जीपनं उमरग्याला नेलं. तिथं दवाखान्यात तीन दिवस सलाईन. चौथ्या दिवशी सुमीनं पेजंची वाटी स्वतः वढली. परत येताना खालच्या गावात उतरून पेटीवर बोललेल्या त्या माणसाला हात जोडले. त्यानं सुमीच्या डोक्यावरनं हात फिरवला, आन् लगीच म्हणाला, "गावात सांगा बरं, आमच्या पॅनेलनं पोरगी वाचवली."

घरापर्यंत तेच डोक्यात. एक पेटी मुकी झाली तर दुसरीनं बोलायचं, म्हणून तर गावोगाव ठिवल्यात ना ह्या? पेट्या तयार हुत्या. माणसंच न्हवती.

दारात सासरे बसलेले, माणिकभाऊंच्याच पॅनेलचे. पोरगी कशीय, हे इचारलं न्हाय.

"पेटीवर कुणाशी बोललीस?"

"ज्यानं ऐकलं त्याच्याशी, मामंजी."

ते उठून भाईर गेले. सुमीकडं बघितलंबी न्हाय.