आपोआप लागणारं फाटक

ढिवराची रंभा आपल्या अंगणाचं फाटक कुणाला लावू देत नसे, असं गावातले म्हातारे अजून सांगतात. पाव्हणा आला तरी त्यानं आत येऊन बाजूला व्हायचं, फाटक तीच लावणार. लोकांनी तिला खुळी ठरवली. लोकांचं काय जातं! पण त्या फाटकाची हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्याला हसू यायचं नाही.

गाव अहेरीच्या अलीकडे, तळ्याच्या पाळीला लागून. तेव्हा तो भाग मध्यप्रदेशात मोडायचा. रंभा आणि तिचा नवरा सोमाजी वैनगंगेकाठ सोडून तिथं मासे धरायला येऊन राहिले होते. पोरी दोन, थोरली गोकुळा आणि रांगती वच्छला. अंगणाला काट्यांचं कुंपण आणि आत यायला बांबूची टाटी. गोकुळा संध्याकाळी बकरी घेऊन यायची, तेव्हा आधी स्वतः आत शिरायची आणि मागे रेंगाळणारी बकरी येईपर्यंत टाटी हातानं धरून उभी राहायची. रंभा हाका मारून थकायची, पण पोर काही टाटी सोडायची नाही.

एका संध्याकाळी सोमाजी तळ्यावरून आला. खांद्यावर जाळं, हातांत मासळीची टोपली. टाटी त्यानं पायानं ढकलली आणि लावायला मागे फिरलाच नाही. गोकुळा अंगणात भांडी घासत होती. वाघानं तिला तिथूनच उचललं. नाल्याजवळच्या मोहाखाली जे सापडलं ते तिथंच पुरलं. मग त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे येणारा-जाणारा तिथं एकेक दगड ठेवू लागला आणि मोठा ढीग झाला. फुलं वाहावीत तसे लोक आपल्या लेकीला दगड वाहतात, असं रंभाला वाटे आणि तिला तेवढंच बरं वाटे.

सोमाजीनं बोलणंच टाकलं. कुणी बाहेर गेलं की हा मागोमाग टाटी चाचपायला उठायचा. माणसाच्या आठवणीवर राहणारं दार आता नको, हे त्याच्या डोक्यात बसलं. शेजाऱ्यांनी सल्ल्यांची खैरात केली. कुणी म्हणे बोराटीच्या काट्यांचं झापं लाव, कुणी म्हणे दोन टाट्या लाव. पण अहेरीच्या बाजारात सुकट विकायला गेला असता त्यानं लाकडाच्या डेपोवर एक फाटक पाहिलं होतं. दोरीला दगड टांगलेला. ढकललं की उघडे, सोडलं की दगडाच्या वजनानं आपोआप बंद होई. ते त्याच्या मनात भरलं.

सुतारकाम करणारा लच्छू वाढई उद्या-उद्या करत एकदाचा उगवला. ऐनाच्या फळ्यांचं फाटक झालं, दोरी खांबाच्या बेचक्यातून घेतली. वजनाचं मात्र जमेना. जात्याची फुटकी तळी बांधली तर फाटक धाडकन आपटून खिळे निघायला लागले. तळ्यातले गोटे दोरीत ठरेनात. मग एके दिवशी सोमाजी मधोमध खाच असलेला लांबट काळा दगड घेऊन आला. दोरी त्याच्यावर घट्ट बसली आणि फाटक अलगद लागलं. कुठून आणला, असं रंभानं विचारलं, तर नाल्याकडचा एवढंच म्हणाला.

त्यानंतर एका दिवेलागणीला रंभा चुलीशी असताना फाटक कुरकुरलं. बघते तर उघडं. वारा नव्हता, माणूस नव्हतं. कुणी हातानं धरावं तसं ते उघडंच राहिलं आणि मग हळूच लागलं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. रंभाला भीती वाटली नाही. तिचा ऊर भरून आला.

"गोकुळा येऊन राह्यली," ती नवऱ्याला म्हणाली.

सोमाजीचा चेहरा उतरला. रंभा रोज फाटकाच्या आत पेजेची वाटी ठेवू लागली. कितीतरी दिवसांनी तिनं केसांना तेल लावलं.

वरच्या टोल्यावरचा, म्हणजे वरच्या वस्तीतला पोचू, माडिया गोंडांमधला जाणता म्हातारा, एकदा मासळी घ्यायला आला आणि फाटकाशीच थबकला. हा दगड ढिगावरचा ना, असं त्यानं विचारताच सोमाजीनं होकार दिला.

"पोरीचं दार पोरीनंच राखावं, म्हून आणला भाऊ."

पोचू रागावला नाही. तुम्ही नदीकाठची माणसं, तुम्हाला कुठून ठाऊक असणार, म्हणाला. ते दगड पूजेचे नसतात. वाघानं नेलेला जीव वाघाच्या पाठीवर बसतो आणि त्याला आपल्याच घरी घेऊन येतो, कारण त्या जीवाला वाट तेवढीच माहीत असते. त्यानं जागेवरच बसून राहावं म्हणून वरून वजन ठेवायचं. दिवेलागणीला फाटक उघडं राहतं हे रंभानं सांगितलं, तेव्हा पोचू तिच्याकडे वळला.

"पोर फाटक कोनासाठी धरून ठेवते, पाह्यलं का बाई?"

वच्छला फाटकापाशी रिकामी वाटी घेऊन खेळत होती. रंभा धावली, तिला उचलायला वाकली आणि धुळीत वाघाचा पंजा दिसला. तो फाटकाच्या आत उमटला होता.

तिनं वच्छलाला सोमाजीच्या मांडीवर टाकलं आणि दोरी स्वतःच्या हातानं सोडली. सोमाजी दगड घ्यायला पुढे झाला, तर तिनं दिला नाही. तो कडेवर घेऊन ती नाल्यापर्यंत चालत गेली आणि ढिगावर ठेवून त्याच्यावर हात दाबून बसली.

"इथीच बस माय," ती म्हणाली. "घरी येऊ नोको."

फाटकाला पुन्हा वजन बांधलं नाही. रोज दिवेलागणीला रंभा ते स्वतः लावी. लावण्याआधी थोडा वेळ हातानं धरून उभी राही, मग आतून कडी घाली.