वसईचे नारळ, नंदुरबारची चूल

मरियमच्या सुनेचे कार्ड आले, तेव्हाच मी जायचे ठरवले. “अम्मांचा हिवताप उतरला, पण जेवत नाहीत. तुमच्या नारळातल्या कोंबडीचे नाव घेतात.” मरियम आणि मी झांजिबारच्या कॉन्व्हेंटात एका बाकावर वाढलो. तिच्या घरच्या कुकू वा नाझीवर, म्हणजे नारळाच्या दुधातल्या कोंबडीवर, माझे सोवळे तिथल्या बंदरातच संपले. पुढे तिला नंदुरबारच्या मिरचीवाल्यांकडे दिले आणि मी वसईत आले.

पोत्यात सहा ओले नारळ घेऊन निघाले. सुरतेला गाडी बदलावी लागते. तिथेच पोटभर खाऊन घ्या, पुढे चहा मिळेलच असे नाही. नवापूरनंतर सागाचे रान लागते, खांडबारा मागे पडले की मोकळी शेते. नंदुरबारला उतरताच मिरचीने नाक चुरचुरते. रुमाल जवळ असू द्यावा.

टांगेवाल्याने पोते उचलून पाहिले. “माय, इतला नारय? लगीन शे का?”

“हो, कोंबडीचं,” मी म्हटले. तो स्टेशनापासून घरापर्यंत हसत होता.

मरियम खाटेवर होती, मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकलेल्या. “मालू, आलीस? पोले पोले!” झांजिबारात रमतगमत येणाऱ्याला आम्ही असेच चिडवायचो, हळूहळू म्हणून. मी अंघोळ करून चुलीपाशी गेले, तर रशिदा, तिची सून, घामाघूम होऊन उभी.

“खाला, सर्वा नारय भाजी ठेयेल शेतस. तुमले तरास नको म्हनीसन.”

निखाऱ्यावर सहाही नारळांची खोबरी काळवंडली होती. रशिदा खांडबाऱ्याची, तिकडे खोबरे भाजल्याशिवाय रश्शात पडतच नाही. दुधाला खोबरे कच्चेच लागते. माझा चेहरा पाहून तिचे डोळे भरले. सासू तिच्या हातचा घास नाकारत होती, आणि आता हेही बिघडले असे तिला वाटले.

“रडू नकोस,” मी म्हटले. “पाटा धू.”

खोबरे बारीक वाटले, कढत पाण्यात भिजवले, मलमलीतून दोनदा पिळले, आधी घट्ट, मग पातळ. दूध निघाले ते तपकिरी, तेलकट, धुराच्या वासाचे. कोंबडी निखाऱ्यावर शेकून घेतली. आले, लसूण, हळद, कांदा; आधी पातळ दूध, घट्ट दूध शेवटी. ते पडले की उकळी येऊ देऊ नका. वर लिंबू. रशिदाने विचारले, “एक मिरची?” “टाक,” मी म्हटले.

मरियमने भातावर रस्सा घेतला. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरला.

“हे झांजिबारचं नाही.”

रशिदा दाराकडे सरकली.

“तिथलं मिळमिळीत असायचं. मालू, तुला आठवत नाही.” आणि वाटी तिने माझ्याकडे नाही, सुनेकडे पुढे केली. “वाढ.”

मी आणखी दोन दिवस राहिले. चूल रशिदाकडेच होती. मी खाटेपाशी बसून बडबड केली.

परवा रशिदाचे कार्ड आले: अम्मा आता मिठावरून भांडतात. ते वाचून मी कोंबडी आणवली. वसईत ओल्या नारळांना तोटा नाही. तरी अर्धा नारळ मी निखाऱ्यावर ठेवला. घरचे विचारतात, जळला का?

मी म्हणते, नाही, तो असाच हवा.