बाबांची पिकअप आणि दहा वर्षं

आई गेल्यावर बाबांना मी गाझियाबादला घेऊन आलो. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मी आणि बायको सकाळीच मेट्रोने दिल्लीला नोकरीवर जायचो आणि बाबा दिवसभर बाल्कनीत बसायचे. दोन महिन्यांत त्यांनी परतीच्या तिकिटाचं चारदा विचारलं. गावी घरात आता कोणीच नव्हतं. त्यांना तिथे एकटं ठेवायला माझं मन तयार होईना. ते इथे कसे टिकतील, एवढीच मला काळजी होती.

बाबांनी तीस वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी एका खताच्या दुकानाची गाडी चालवली. संध्याकाळी चावी मालकाच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची आणि पायी घरी यायचं. त्याच पगारावर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पुढे दिल्लीत मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, तोही त्याच पगारावर. मोठ्या परीक्षेत यश आलं नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात सहायक म्हणून लागलो, आणि ते कमी नाही असं मी आजही मानतो. म्हणून ठरवलं, बाबांच्या स्वतःच्या नावावर एक गाडी घ्यायची. जुनी का होईना.

डिझेलवरची एक पिकअप आमच्या वस्तीपासून जवळच मिळाली. साडेआठ वर्षांची होती. बाबांनी सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवला आणि विकणाऱ्याला आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "गाडी गरम है. कल आते हम. कल थंडी रखो."

तो माणूस हसला. "ताऊ जी, आप तो पुराने खिलाड़ी निकले."

तापलेल्या इंजिनाची खोट लपते, ती गार इंजिन चालू करतानाच कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन खरंच गार होतं. बाबांनी स्वतः चावी फिरवली, ऑइलचं झाकण उघडून धूर बघितला, मग जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा पाठीला माती होती आणि चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदा माणसात आल्यासारखा दिसत होता.

"इंजिनाचं मी बघितलं," ते म्हणाले. "कागदाचं तू बघ. आणि नाक्यावरच्या टेम्पोवाल्यांना एकदा विचार. असल्या गोष्टी त्यांना पाठ असतात."

"बाबा, कागद वाचायचाच तर मला पगार मिळतो," मी म्हणालो.

टेम्पोवाल्यांना मी विचारलं नाही. डिझेल गाडी दिल्लीत दहा वर्षांपुढे चालत नाही, हे मला माहीत होतं. नियमही मी उघडून वाचला, पण थेट दुसऱ्या पानापासून. आपल्या गाडीला उत्तर प्रदेशचा नंबर आहे, आपण राहतो गाझियाबादला, तेव्हा दिल्लीचा नियम आपल्याला कशाला लागेल, असं मी धरून चाललो. विकणारासुद्धा हेच म्हणाला, आणि मला हवं तेच तो म्हणत होता. व्याख्या कायम पहिल्या पानावर असते. आधी ती वाचा, असं मी कार्यालयात नव्या लोकांना दर आठवड्याला सांगतो.

पुढचं एक वर्ष मात्र बाबा इथे राहिले. मनापासून राहिले. चावी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, झोपतानासुद्धा. माझ्या ओळखीतून त्यांना घरं हलवायची कामं मिळत गेली. दिल्लीतल्या सरकारी वसाहतींमध्ये कोणाची ना कोणाची बदली चालूच असते, आणि आपला मराठी माणूस गाडी घेऊन येतोय म्हटल्यावर लक्ष्मीबाई नगरातल्या बायका कपबश्या निर्धास्तपणे त्यांच्या हवाली करायच्या. एका साहेबांची पुस्तकांची सतरा खोकी चढवल्यावर बाबांनी त्यांना विचारलं, "साहेब, ही वाचून झालीत की नुसतीच हिंडवताय?" साहेब इतके हसले की त्यांनी बाबांना चहाला वर बोलावलं. संध्याकाळी बाबा आम्हाला कोणाच्या घरी केवढं कपाट होतं ते सांगत बसायचे. तिकिटाची चौकशी थांबली होती.

हिवाळा लागला आणि दिल्लीची हवा धुराने बिघडली. एकदा जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीत यायची बंदी, मग मोकळीक, मग पुन्हा बंदी. बाबा सकाळी सामान भरून निघायचे आणि हद्दीवरून परत यायचे. ज्यांचं घर अर्धं हललेलं असायचं ते मला कार्यालयात फोन करायचे, आणि माझ्या साहेबांच्या समोर बसून मी हळू आवाजात माफी मागायचो.

हिवाळा सरला आणि गाडीची फिटनेस तपासणी आली. बाबांनी आदल्या दिवशी ती धुतली, ब्रेक नीट करून घेतले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत गेलो. खिडकीतल्या बाबूने कागदावरची तारीख बघितली आणि कागद परत सरकवला. "दस साल पूरे होने वाले हैं. अब आगे की फिटनेस नहीं मिलेगी."

"पण तो नियम तर दिल्लीचा आहे ना?" हे मी त्याला हिंदीत विचारलं, आणि जरा ऐटीतच विचारलं.

"भाईसाहब, गाज़ियाबाद किसमें आता है? एनसीआर में. पूरे एनसीआर का नियम है." एनसीआर म्हणजे दिल्ली आणि तिच्या भोवतालचे जिल्हे; मी न वाचलेल्या पहिल्या पानावर हेच होतं.

मागे रांगेत उभा असलेला एक टेम्पोवाला म्हणाला, "ये तो बच्चे-बच्चे को पता है, यार."

बाबांना हिंदी पूर्ण कळत नाही, पण ते वाक्य त्यांना कळलं. परतताना रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या हापिसात चूक झाली तर काय करतात?"

"शुद्धिपत्रक काढतात."

"मग काढ की."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

दोन रस्ते होते. गाडी भंगारात द्यायची, नाहीतर ना-हरकत प्रमाणपत्र काढून एनसीआरच्या बाहेर न्यायची. आमच्या गावी तीच गाडी अजून काही वर्षं चालणार होती. बायको म्हणाली, "बाबा, विकून टाकू या. तुम्ही आता आराम करा."

"आराम म्हणजे काय गं?" बाबा म्हणाले. "कबुतरं मोजायची? तिच्यात काही खोट नाही. तिला इथं राहू देत नाहीत, तर मी तिला घेऊन जातो."

मी खूप समजावलं. तिथे तुम्हाला करून घालणारं कोणी नाही, आजारी पडलात तर मी पोचणार कधी, सगळं बोलून झालं. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता गाडीचे कागद पिशवीत लावत होते. त्यांना इथे राहण्यासारखं मी एकच काहीतरी दिलं होतं, आणि तेही पुरतं वाचून दिलं नव्हतं.

प्रमाणपत्रासाठी चार अर्ध्या रजा गेल्या. एकदा सही नव्हती, एकदा छायाप्रत फिकी होती, एकदा माणूस जेवायला गेला होता. ज्या कागदावर बाबा जाणार होते, तो मीच रांगेत उभा राहून मिळवला.

नागपूरकडे, म्हणजे आमच्या गावाच्याच वाटेने, निघालेला त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर सोबतीला मिळाला. सोमवारी सकाळी दोघे निघाले. माझ्या कार्यालयात लेखापरीक्षण चालू होतं, रजा मिळाली नाही. गाडी वळणावर गेली आणि मी मेट्रोकडे चालू लागलो.

आता गावी त्यांच्याकडे मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात, कधी भाजी, कधी कोणाचं लग्नाचं सामान. मी रोज दुपारी फोन करतो. "इकडे या," म्हणतो. "येईन की," ते म्हणतात, "पण गाडी कुठं लावू?" मग मी विचारतो, "जेवलात का?" ते म्हणतात, "जेवलो." मागे इंजिन चालू असल्याचा आवाज येत असतो. ते जेवलेले नसतात, हे मला कळतं.