माळावरचं तरस

वनरक्षकाचा फोन आला तेव्हा मी एका मोराचा मोडलेला पाय बांधत होते. जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात मी डॉक्टर आहे. "सुप्याजवळ हायवेवर तरस पडलंय," तो म्हणाला, "अजून जिवंत आहे."

पोचलो तर कारखान्याच्या बसगाड्या थांबलेल्या, माणसं मोबाईल उंच करून उभी. मादी होती. मागचं अंग ट्रकखाली गेलेलं, पण पुढचे पाय माती उकरतच होते. तिला माळाकडं जायचं होतं. मी भूल दिली. तपासताना पोटाखाली हात गेला तो ओला झाला. दूध होतं. गाडीत उचलून ठेवेपर्यंत ती गेली.

"हिची पिल्लं आहेत कुठंतरी," मी वनरक्षकाला म्हणाले, आणि आम्ही माळावर चढलो.

ऊन चढेपर्यंत काही सापडलं नाही. मग मेंढरं राखणारी एक बाई भेटली. साठीच्या आसपासची असेल. भाकरीचं फडकं सोडून बसली होती, शेजारी तिचं कुत्रं.

"काय हुडकताय?"

मी सांगितलं. "मेली व्हय ती? माझी कोकरं न्हेली हुती तिनं."

"मावशी, तिची जागा ठाऊक आहे का तुम्हाला?"

"हाय की. मालकाला ठाऊक न्हाई. असती तर कवाच बिळात धूर घातला असता त्यानं."

"तुम्ही नाही सांगितलं नवऱ्याला?"

"ऱ्हाऊन गेलं सांगायचं," ती म्हणाली आणि उठली.

मुरमाच्या जुन्या खाणीत एका कपारीखाली बीळ होतं. मी पालथी पडून खांद्यापर्यंत हात घातला. कुजक्या हाडांचा वास आला, मग काहीतरी ऊबदार बोटांना लागलं. दोन पिल्लं निघाली. "लई वंगाळ दिसत्यात," बाई म्हणाली. पण तिनं भाकरी दगडावर ठेवली आणि फडकं मला दिलं.

एक पिल्लू हगवणीनं गेलं. सलाईनसाठी त्याची शीर सापडत नव्हती, सापडली तेव्हा उशीर झाला होता. दुसरं जगलं.

त्याला वाढवताना आम्ही एकही शब्द बोलायचा नाही, असं ठरलेलं होतं. माणसाचा आवाज म्हणजे खाणं, हे एकदा डोक्यात बसलं की जनावर माणसाजवळ जातं. आणि तरस जवळ आलं की माणूस दगड उचलतो. सुरुवातीला मी बाटली काढून घेऊन निघाले की ते किंकाळ्या फोडायचं. मी तोंडाला फडकं बांधलेलं असायचं, तरी आतल्या आत ओठ दाबून धरायची. हळूहळू ते ओरडेनासं झालं. मग माझी चाहूल लागली की कोपऱ्यात जाऊन अंग फुगवायचं. आमचं काम नीट चाललं होतं याची ती खूण होती. मला मात्र त्यानं पहिल्यांदा तसं केलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पूर्ण वाढल्यावर, परवानगी मिळाली तेव्हा, त्याच्या कानाला बिल्ला मारून त्याच माळावर सोडलं. काही आठवड्यांनी बाईचा फोन आला. "तुमचं तरस दिसलं. मला बघून पळालं." त्या एका शब्दानं मला झालेला आनंद कोणाला सांगून कळला नसता.

उन्हाळ्यात तिचा पुन्हा फोन आला. या वेळी ती एवढंच म्हणाली, "मॅडम, या."

ओढ्यात एक मेलेलं वासरू होतं, कीटकनाशकाचा उग्र दर्प येत होता. आसपास घारी पडलेल्या. जरा पुढं तरस, तोंडाला फेस वाळलेला, कानात आमचा बिल्ला. आणि बाईचं कुत्रं. त्याच्यावर तिनं पदराचं टोक फाडून घातलं होतं.

"कुणी घातलं विष?" वनरक्षकानं विचारलं.

"मालकानं. लांडगा मेंढरं न्हेत हुता म्हणून."

वनरक्षक चपापला. "मावशी, हे मला लिहावं लागेल. त्यांना धरून न्यावं लागेल."

"लिवा."

"विचार करा जरा," मीच म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. "कुत्रं माझं हुतं, मॅडम. मालकाला ठाऊक हुतं ते वढ्यात जातंय."

पंचनामा झाला. तरस आम्ही तिथंच जाळलं, सरपण ओलं नव्हतं तरी फार वेळ लागला. दुपारी तिच्या नवऱ्याला जीपमध्ये बसवलं. तो तिच्याकडं बघत होता, ती मेंढरांकडं.

ऊन कलल्यावर कळप वाड्याकडं न्यायचा होता आणि कुत्रं नव्हतं. मी म्हणाले, मी येते. मला मेंढरं वळवता येईनात. मी ज्या बाजूला धावायची त्याच्या उलट ती फुटायची. बाई पुढून ओरडत होती, "डावीकडं, मॅडम, डावीकडं ऱ्हावा," आणि तिचा आवाज बसत चालला होता.