घडून गेलेलं वाक्य

पुसेगावच्या शिवकन्याबाईंच्या शिकवणीत दोनच कायदे होते, आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. घराच्या बाहेरच्या भिंतीला काळा रंग देऊन केलेला फळा. त्यावर रोज इंग्रजीतला एक अवघड शब्द, मराठी वाक्यात बसवलेला. पहिला कायदा, वाक्य गावात घडून गेलेलंच हवं. ‘सरपंचांची म्हैस सापडली आणि त्यांना रिलीफ मिळाला.’ मनानं रचलेलं चालत नसे, कारण खोटं वाक्य ध्यानात राहत नाही असं बाईंचं म्हणणं. दुसरा, चुकलं तर ज्यानं लिहिलं त्यानंच दुरुस्त करायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सोयाबीन काढून परतणाऱ्या बायासुद्धा तिथं थबकत. गावच्या भानगडी इंग्रजीसकट कळत, मग कोण सोडतो?

एक शब्द बाईंनी वर्षानुवर्षं राखून ठेवला होता. ज्युबिलेशन. नुसता आनंद नव्हे, सगळ्यांनी मिळून केलेला जल्लोष. नवरा लवकर गेला, लेक एकटीनं वाढवली. जल्लोष म्हणावं असं त्या दारात काही झालंच नव्हतं. आता लेक सृष्टी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दिवस भरले होते.

सकाळी तिला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. फळा रिकामा राहू नये म्हणून बाईंनी आदल्या संध्याकाळीच लिहून टाकलं: ‘सृष्टीला बाळ झालं आणि साऱ्या गावात ज्युबिलेशन झालं.’

शेजारच्या मोतीबाईंनी एका पोरीकडून ते वाचून घेतलं. “लेकरू यायच्या आधी आमी पाळणा घरात आणत न्हाई, बाई. तुमी तर भिंतीवर लिवून राहिल्या. बाजारात तुरी अन्...”

“उद्या-परवा खरं होईलच की,” बाई हसल्या.

पण त्या संध्याकाळी फळ्यापुढं कुणी रेंगाळलं नाही. माणसं वाचत आणि खाली मान घालून निघून जात. सृष्टी ओट्यावर बसून त्या वाक्याकडं बघत होती. ती जेवलीही नाही. दमली असेल, असं म्हणून बाईंनी अंगडं-टोपडं पिशवीत भरलं.

सकाळी जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली. खड्ड्यांत गाडी आदळत होती, तरी सृष्टी पोटावरचे दोन्ही हात काढत नव्हती.

“तकलीफ होऊन राहिली का गं?”

“न्हाई. काहीच होऊन राहिलं न्हाई.”

“काहीच म्हंजे?”

“काल दुपारपासून हाललं न्हाई ते.”

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“सांगायलाच बाहेर आले होते, आई. तू लिहून राहिली होती. गुणगुणत होती. इतकी खूश मी तुला कधी पाह्यलीच न्हाई. म्हटलं, हालेल थोड्या वेळानं.”

ड्रायव्हरनं कुणी न सांगता गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि बाजूला ठेवून दिलं.

“काल आणलं असतं तर?” बाईंनी विचारलं.

“कदाचित,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मायलेकी परतल्या त्याआधीच बातमी गावात पोहोचली होती. आधीच लिहिलं म्हणून दृष्ट लागली, असं जो तो म्हणत होता. बाईंचा दृष्टीवर विश्वास नव्हता. असता तर बरं झालं असतं, दोष कुणाच्या तरी नजरेवर ढकलता आला असता. भिंतीवरचं वाक्य तसंच होतं. कायद्याप्रमाणं कुणी हात लावला नव्हता. मोतीबाईंनी तेवढं एक लुगडं वाळत घातल्यासारखं त्यावर टांगलं होतं.

सृष्टीला आत निजवून बाई बाहेर आल्या. लुगड्याची घडी करून त्यांनी ते मोतीबाईंना परत दिलं. मग ओल्या फडक्यानं वाक्य पुसलं, तो एक शब्द तेवढा ठेवला, आणि त्याच्या अलीकडं-पलीकडं नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

‘सृष्टी बोलली नाही, कारण आईनं दारात आधीच ज्युबिलेशन मांडलं होतं.’