एकही बास्केट न टाकता जिंकलेली आमची सुमन

माले गावच्या महिला मंडळातल्या बायांनो, आज दुपारी पुण्याला जाऊन नातीच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना बघून आले. मंडळाच्या भिंतीवर चिकटवायला हे सांगतेय. लिहून घेतेय नातच, सुमन.

पोरी जिंकल्या, फायनलला पोचल्या. तरी बाहेर तिच्याच कॉलेजची दोन पोरं भांडत होती. एक म्हणाला, "पंचानं सुमनला उगाच फाउल दिले." दुसरा म्हणाला, "तिला घेतात तरी कशाला? एक बास्केट नाही!"

सुमनचं तोंड एवढंसं झालं. "आजी, फायनलला मी नाही खेळणार."

मग मीच त्या दोघांना गाठलं. "बाळांनो, आमच्याकडं भातलावणीला एक बाई सोता लावत न्हाई, रोपांच्या जुड्याच फेकती. ती थांबली की समद्या बाया हात रिकामे घिऊन हुभ्या! हिनं चेंडू दिला म्हून बाकीच्यांनी बास्केट केली. आन पंचाचं म्हनाल, तर हिनं समोरच्या पोरीला ढकललंच की! दोन येळा!"

पोरं हसली, सुमनही हसली. मात्र ढकलल्याचं लिहायला आत्ता तयार नव्हती. लिहिल्याशिवाय चहा देत नाही म्हटलं.

फायनल रविवारी आहे, ती खेळणार आहे. सकाळच्या एसटीनं माझ्याबरोबर कोण कोण येताय?