एका दिवसाचा पडदा

अंबादासने मला फसवलं. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच कामगारांसमोर, हसत हसत फसवलं. त्याला जाऊन पाच आठवडे झाले, तरी यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फक्त कशासाठी फसवलं ते मला त्याच्या दहाव्याला कळलं, म्हणून लिहायला बसलो आहे.

फोन आला तेव्हा मी एका टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होतो. तो म्हणत होता माल उद्या उचलतो, मी म्हणत होतो आजच. सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे गेले. सकाळी चहा घेतला अन् बसल्या जागी..." मी "बरं" म्हणालो. बरं! मग टेम्पोवाल्याकडे वळलो, त्याच्याकडून दुपारी चारची वेळ कबूल करून घेतली, आणि मगच आठवलं की आपल्याला केडगावला, त्याच्या घरी, जायचं आहे. स्मशानात रडू आलं नाही. आजही येत नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि अर्धा जबडा आपला राहत नाही, तसं काहीतरी चाललं आहे.

मी मूळचा तिसगावचा. नगरला आलो ते एमआयडीसीत दुसऱ्याच्या शेडमध्ये झाडू मारायला. पुढे डाय, म्हणजे ठोक्याचे साचे, घासल्या, ऑपरेटर झालो आणि शेवटी स्वतःचा एक जुना पॉवर प्रेस घेतला. पत्रा आत ठेवायचा, वरून ठोका पडतो, गाड्यांच्या कंपनीला लागणारी पट्टी तयार. ठोका पाडायला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायखाली जाऊ शकत नाहीत, एवढा साधा हिशोब आहे. पण एक बटण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधून ठेवलं की एक हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो आणि माल दीडपट निघतो. मीही बांधलं होतं. गल्लीत सगळेच बांधायचे.

अंबादास पहिल्यांदा आला तो त्या प्रेसचं पॅनल दुरुस्त करायला. श्रीगोंद्याकडचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला इलेक्ट्रिशियन. पॅनल उघडण्याआधी त्याने पक्कडीने ती ट्यूब कापली आणि खिशात घातली. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "राहू द्या माझ्याकडं. लई जणांच्या गोळा केल्यात. एकदा त्यांचं आख्खं चाक करनार हाय." मी म्हणालो, तुझी मजुरी कापतो. तो म्हणाला, "कापा की. पर त्या फ्लायव्हीलच्या चाकावर जाळी बसवा, मंग कापा." माझ्याशी असा व्यवहार कोणी केला नव्हता. मी ज्या गोष्टीवर अडून बसायचो ती तो सोडून द्यायचा, आणि मी ज्याचा विचारही केलेला नसायचा ते मागून घ्यायचा. पुढे वीस वर्षं तो माझ्याकडे असाच येत राहिला. तो गेल्यावर दर वेळी मला वाटायचं आपण जिंकलो, आणि नंतर शेडमध्ये पाहावं तर एक नवी जाळी, नाहीतर एक नवा लाल दिवा.

आता त्या पडद्याचं सांगतो. आमच्या गल्लीत सहा युनिटं. सगळ्यांचा माल पुण्याकडच्या एकाच कंपनीला जायचा. कंपनीने फर्मान काढलं की प्रत्येक युनिटच्या मोठ्या प्रेसला लाइट कर्टन हवा. म्हणजे प्रेसच्या तोंडाशी दोन उभे खांब, त्यांच्यामध्ये डोळ्याला न दिसणारा प्रकाशाचा पडदा. हात आत गेला की पडदा तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. वस्तू चांगली होती आणि महाग होती. आम्ही सहा जणांनी मिळून एकच सेट घेतला. ज्याच्याकडे तपासणी असेल त्याच्याकडे अंबादासने सकाळी बसवायचा, संध्याकाळी काढायचा. स्कूटरवर पुढे उभा ठेवून, वहिनींच्या जुन्या साडीत गुंडाळून तो सेट गल्लीभर फिरायचा. चहाच्या टपरीवर आम्ही विचारायचो, "काय अंबादास, नवरदेव आज कुणाच्या मांडवात?" तोही हसून सांगायचा. तपासणीला येणारे साहेब सहाही ठिकाणी त्याच खांबांचं कौतुक करून गेले. एका साहेबाला तर खांबावरचा ओरखडाही ओळखीचा वाटला. त्याने त्यावर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागितला.

एक दिवस अंबादासचं हसणं बंद झालं. मला वाटलं घरी काही असेल. मी विचारलं नाही.

त्यानंतर माझ्याकडे तपासणी होती. मी नवा प्रेस घेतला होता, हवेच्या क्लचचा, पायाच्या पॅडलवर चालणारा, स्क्रीनवर ठोके मोजणारा. अंबादासने सकाळी पडदा बसवला. साहेब आले, जेवले, खूश होऊन गेले. संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या काढतो." दुसऱ्या दिवशी शेजारच्याचा माणूस सेट न्यायला आला, तेव्हा कळलं की खांब काढले तर प्रेस चालूच होत नाही. अंबादासने पॅनलचं वायरिंगच बदललं होतं. मी त्याला बोलावून घेतलं आणि कामगारांसमोर तोंडाला येईल ते बोललो. चोर म्हणालो. त्याने ऐकून घेतलं, मग पॅनलची चावी माझ्यापुढे धरली.

"काढतो भाऊसाहेब. आत्ता काढतो. फकस्त तुमी एकदा पडद्याबिगर हात घाला आत, अन् पॅडलवर पाय माझा ऱ्हाऊ द्या."

मी प्रेसकडे पाहिलं. मी हात घातला नाही.

पडदा माझ्याकडे राहिला. गल्लीतले पाच जण माझ्या दारात येऊन बसले, सहा जणांत मिळून घेतलेला सेट तू एकट्याने हडपलास म्हणू लागले. मी तापट आहे, पण गल्लीत राहायचं होतं. मी दुसरा सेट विकत घेऊन त्यांना दिला आणि विषय संपवला. तो सेट पुन्हा मांडवामांडवातून फिरू लागला. अंबादासने मात्र त्याला हात लावला नाही. दुसरा एक जण ते काम करायला लागला. अंबादास माझ्याकडे येत राहिला. मी तो विषय काढला की म्हणायचा, "फसवलं खरं तुमाला." बस्स, एवढंच.

दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत आम्ही उभे होतो. माझ्या शेजारी साठीचा एक माणूस येऊन उभा राहिला. ज्ञानदेव. गल्लीतल्या एका युनिटच्या गेटवरचा वॉचमन म्हणून मी त्याला ओळखत होतो. त्याने नमस्काराला हात जोडले तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. इतकी वर्षं तो गेटवर उजवा हात खिशात घालूनच बसायचा. वहिनी मागून म्हणाल्या, "ज्ञानदेवभाऊ, सांगा आता भाऊसाहेबांना. हे तर गेले."

त्याने सांगितलं. वॉचमन होण्याआधी तो त्याच युनिटमध्ये ऑपरेटर होता. त्या दिवशी तिथे तपासणी होती. पडदा लावलेला. "दिवसभर लई ब्येस चाललं हुतं बगा. हात आत असला तर प्रेस खाली येतच न्हवता. मंग मी पॅडलवर पाय आधी टाकायला लागलो अन् हात मागनं काढायला. सवय लागली. सांजच्याला अंबादासनं खांब काढले, अन् आमचा माल ऱ्हायला हुता थोडा..."

तो थांबला. एक दिवसाचा पडदा हा पडदा नसण्यापेक्षा वाईट, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पडदा नसता तर ज्ञानदेवचा हात रोजच्यासारखा भीत राहिला असता. आम्ही तो एका दिवसात निर्धास्त केला आणि संध्याकाळी खांब काढून नेले. अंबादासने ते स्वतःच्या हाताने काढले होते.

मी वहिनींवर चिडलो. दहावा आहे हेही विसरलो. मला का सांगितलं नाही? मी दुसरा सेट घेऊन दिलाच नसता! वहिनी म्हणाल्या, "ते म्हनायचे, भाऊसाहेबाचं तोंड गल्लीभर जातं. ज्ञानदेवभाऊंना त्या कारखान्यात वॉचमन केलं हुतं, गप्प बसायच्या बोलीवर. तुमी ओरडला असता अन् यांची नोकरी गेली असती." ज्ञानदेव म्हणाला, "ती बी गेली आता. गेटवर कॅमेरा बसलाय. बोला, लिव्हा तुमी खुशाल."

मग त्याने पिशवीतून एक कागद काढून दाखवला. अपघाताची नोंद. कारखान्याच्या शिक्क्याची. अपघात कारखान्यात झालेला नाही, ज्ञानदेवची बोटं राहत्या घरी गुरांचा चारा कापायच्या कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली, असं त्यावर लिहिलं आहे. त्या एका ओळीमुळे त्याला ना भरपाई मिळाली, ना कुठे दाद. मी विचारलं, "सही कशी केलीस?" तो म्हणाला, "उजव्याला बँडेज हुतं. डाव्याचा अंगठा लावून घेतला. मला लिव्हता येतं, भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत जाऊन तो दुसरा सेट उचलून आणला. ज्याच्या मशीनवर होता तो मध्ये आला, पण मी विकत घेतलेली वस्तू मी नेतोय म्हटल्यावर बाजूला झाला. आता ते खांब माझ्या दुसऱ्या प्रेसवर आहेत, कायमचे. सकाळी पाळी सुरू होताना माझा ऑपरेटर पहिला पत्रा ठेवण्याआधी एक लाकडी दांडी पडद्यात घालतो आणि प्रेस थांबतो की नाही ते बघतो. ही अंबादासची पद्धत. कोणी सांगितलं नाही तरी करतात. मी केबिनमधून ती दांडी आत जाताना बघतो. प्रेस थांबतो. मला काहीच वाटत नाही, आणि तरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी बघतो...

त्या फिरत्या सेटमध्ये माझाही वाटा होता, आणि दुसरा तर मीच घेऊन दिला. कोणी विचारलं तर मी हे कोणासमोरही सांगेन. पण तो कागद मी लिहिलेला नाही. ज्यांनी लिहिला ते रोज सकाळी त्याच गल्लीत गाडी लावतात. ज्ञानदेवच्या घरी मी जाऊन आलो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे एक नळ. गोठा नाही, दावं नाही, जमीन तर नाहीच. मी विचारलं तर त्याची बायको म्हणाली, "आमच्यात गुरं कवाच नव्हती."

त्या मालकांनी एकदा यावं. मी बरोबर येतो. ज्या घरात कधी गुरं नव्हती, त्या घरातली कडबाकुट्टी त्यांनी मला बोट ठेवून दाखवावी.